विश्लेषण : ध्यान पोहोचले, संघ कुठे अडला? पश्चिमेतल्या बौद्धांपुढचा पेच

लंडन, बर्लिन किंवा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आज ध्यान शिकणे अवघड राहिलेले नाही. मोबाइलवर ॲप आहे, रुग्णालयात आठ आठवड्यांचा कोर्स आहे, कंपनीच्या कॅलेंडरवर दुपारचे ‘माइंडफुलनेस सेशन’ही आहे. त्याच वेळी पश्चिमेतील बौद्ध केंद्रांनी गेल्या चार दशकांत गुरूंचे राजीनामे, चौकशी अहवाल आणि जाहीर माफीनामे पाहिले आहेत. ध्यानाला एवढी मागणी असताना ते शिकवणाऱ्या संस्था पुन्हा पुन्हा का अडखळतात?

उत्तर त्रिशरणात सापडते. बुद्ध, धम्म आणि संघ या तीन शरणांपैकी पहिली दोन पुस्तकांतून आणि शिबिरांतून पश्चिमेत पोहोचली. तिसरे मात्र माणसांनी एकत्र राहून, पैसे जमवून, भांडून आणि नियम करूनच उभे राहते. पश्चिमेतील बौद्धांची खरी परीक्षा तिथे सुरू आहे. ती आपल्यासाठी परकी नाही. तिचे काही धागे थेट इगतपुरी, पुणे आणि नागपूरशी जोडलेले आहेत.

पश्चिमेत धम्म पोहोचला कसा?

सुरुवात ग्रंथांपासून झाली. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘पाली टेक्स्ट सोसायटी’ स्थापन केली आणि पाली ग्रंथांच्या छापील आवृत्त्या व इंग्रजी भाषांतरे युरोपच्या हाती पडली. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते. त्याच व्यासपीठावर श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल आणि जपानचे झेन आचार्य सोयेन शाकू हेही होते.

वाचण्याच्या विषयाचा करण्याचा विषय झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९५९ मध्ये शुनर्यु सुझुकी हे झेन भिक्षू सॅन फ्रान्सिस्कोतील जपानी लोकांच्या मंदिरात पुजारी म्हणून आले. पहाटे ते झझेनला, म्हणजे बैठकीच्या ध्यानाला बसत. हळूहळू शहरातील तरुण अमेरिकी त्यांच्या शेजारी येऊन बसू लागले. त्यातून १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटर उभे राहिले. तिबेटमधून परागंदा झालेले चोग्याम त्रुंग्पा १९७० मध्ये अमेरिकेत गेले आणि १९७४ मध्ये त्यांनी कोलोरॅडोतील बोल्डर येथे नरोपा ही शिक्षणसंस्था सुरू केली.

या लाटेतून आलेल्या बहुतेकांना विहार, सण, विवाह, अंत्यसंस्कार यांत रस नव्हता. चर्च आणि घरचा धर्म सोडून आलेल्या या पिढीला हवा होता अनुभव. त्यामुळे आशियात धम्माचा एक भाग असलेले ध्यान पश्चिमेत जवळपास संपूर्ण धम्म होऊन बसले.

‘पाश्चिमात्य बौद्ध’ म्हणजे फक्त गोरे साधक?

माध्यमांतील छायाचित्रे तसे सुचवतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘प्यू रिसर्च सेंटर’च्या २०१२ च्या अहवालानुसार अमेरिकेतील बौद्धांत सुमारे दोन तृतीयांश आशियाई वंशाचे होते. त्यांच्यासाठी विहार म्हणजे भाषा, जेवण, पूर्वजांचे स्मरण आणि शेजारधर्म.

जपानी स्थलांतरितांची जोदो शिन्शू परंपरा १८९९ पासून अमेरिकेत संघटितपणे काम करते आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. त्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते. या संघटनेने ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ हे नाव घेतले ते १९४४ मध्ये, युटातील टोपाझ छावणीत. बौद्ध संस्थेच्या नावात ‘चर्च’ हा शब्द का, याचे उत्तर त्या काळात दडले आहे. आपण अमेरिकीच आहोत, हे सिद्ध करण्याची सक्ती या लोकांवर होती.

म्हणजे ज्यांनी छावणीतही धम्म टिकवला, त्यांचा संघ अमेरिकेत आधीपासून होताच. तरीही १९६० नंतरच्या साधकांनी स्वतःची वेगळी केंद्रे काढली आणि विहारातील पूजापाठाला ‘सांस्कृतिक सामान’ मानून ते बाजूला ठेवले. चेन्शिंग हान यांनी २०२१ च्या ‘बी द रेफ्यूज’ या पुस्तकात तरुण आशियाई अमेरिकी बौद्धांच्या मुलाखतींतून हेच दुखणे मांडले. आपल्याच धर्माच्या चर्चेत आपण अदृश्य आहोत, ही त्यांची भावना आहे.

बोधगया आणि इगतपुरीचा संबंध काय?

पश्चिमेतील विपश्यनेचा मोठा प्रवाह भारतातून गेला. म्यानमारमध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले आणि शिबिरे घेऊ लागले. १९७० च्या सुमारास बोधगयेतील शिबिरांत भटकंतीला निघालेले अनेक तरुण अमेरिकी बसले. त्यांत शॅरन साल्झबर्ग होत्या आणि जोसेफ गोल्डस्टीनही होते. पुढे त्यांनी जॅक कॉर्नफिल्ड यांच्यासह मॅसॅच्युसेट्समधील बॅरे या छोट्या गावात ‘इनसाइट मेडिटेशन सोसायटी’ उभारली. १९७६ मध्ये ती सुरू झाली, तीही एका जुन्या कॅथलिक धर्मसंस्थेच्या इमारतीत. त्याच वर्षी इगतपुरीच्या धम्मगिरीत शिबिरे सुरू झाली.

दोन्ही ठिकाणी मौन आहे, पहाटेची घंटा आहे, श्वासाचे निरीक्षण आहे. पण इथून निघालेली पद्धत तिथे आणखी एक पाऊल पुढे गेली. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तणाव आणि जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बौद्ध शब्दावली जाणीवपूर्वक बाजूला ठेवली होती. त्याचा अनेक रुग्णांना उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवे. पुढे मात्र याच वाटेने ॲप आले, सबस्क्रिप्शन आले. अभ्यासक रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ मध्ये या बाजाराला ‘मॅकमाइंडफुलनेस’ म्हणत टीकेचे पुस्तक लिहिले. त्यांचा मुद्दा साधा आहे : कामाचा ताण कंपनी निर्माण करते आणि तो सहन करायची जबाबदारी मात्र कर्मचाऱ्याच्या श्वासावर टाकली जाते.

संघ चालतो तरी कसा?

पश्चिमेतील सर्वसाधारण ‘संघ’ म्हणजे आठवड्यातून एका संध्याकाळी भाड्याच्या सभागृहात जमणारे वीस-तीस लोक. चाळीस मिनिटे ध्यान, मग प्रवचन, मग चहा. वर्षातून एखादे निवासी शिबिर. बहुतेकांना नोकरी आहे, मुले आहेत, गृहकर्ज आहे. आशियात भिक्षू साधना करतात आणि उपासक त्यांना दान देतात, अशी ढोबळ विभागणी होती. इथे उपासकालाच भिक्षूची साधना करायची आहे, तीही शनिवार-रविवारी. या अडचणीवर वेगवेगळी उत्तरे शोधली गेली.

पहिले उत्तर : नियम बदलायचे नाहीत. थायलंडचे अरण्यवासी आचार्य अजान चाह यांचे अमेरिकी शिष्य अजान सुमेधो १९७७ पासून लंडनच्या हॅम्पस्टेड भागात राहू लागले. गुरूंची आज्ञा होती, रोज भिक्षेला निघायचे. लंडनमध्ये भिक्षापात्रात कोण काय घालणार? पण या फेऱ्यांत हॅम्पस्टेड हीथवर धावायला येणारा एक माणूस त्यांना भेटला आणि त्याने वेस्ट ससेक्समधील आपल्या मालकीचे जंगल त्यांना देऊ केले. तिथे १९७९ मध्ये चिथर्स्टचा विहार उभा राहिला. आजही तिथले भिक्षू पैशाला हात लावत नाहीत आणि दुपारनंतर जेवत नाहीत. लोकांनी अन्न दिले तरच चूल पेटते. भिक्षू लोकांवर अवलंबून असल्यामुळे लोकांपासून तुटू शकत नाहीत.

दुसरे उत्तर : व्हिएतनामचे थिच न्हात हान्ह यांनी फ्रान्समध्ये १९८२ मध्ये स्थापलेले ‘प्लम व्हिलेज’. इथे भिक्षू, भिक्षुणी आणि कुटुंबे एकत्र राहून शिबिरे करतात. घंटा वाजली की हातातले काम थांबवून सगळे तीन श्वास घेतात, मग तो भाजी चिरणारा असो की झाडू मारणारा. पंचशीलाची त्यांनी आजच्या भाषेत मांडणी केली. त्यात मद्यासोबत माध्यमांचा आणि वस्तूंचा बेफाम उपभोगही आला. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या गादीवर कोणी एक वारस बसला नाही. पुढचा बुद्ध एखाद्या संघाच्या रूपाने येईल, असे ते सांगत असत.

तिसरे उत्तर : भिक्षू आणि उपासक हा भेदच बाजूला ठेवायचा. इंग्लंडचे संघरक्षित यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द वेस्टर्न बुद्धिस्ट ऑर्डर’ स्थापन केली. तीच २०१० पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून ओळखली जाते. लग्न करा किंवा ब्रह्मचर्य पाळा, शरणगमन महत्त्वाचे आणि जीवनशैली दुय्यम, हे त्यांचे सूत्र. १९७८ मध्ये पूर्व लंडनमधील अग्निशमन दलाच्या जुन्या इमारतीत त्यांचे केंद्र सुरू झाले. सदस्य एकत्र राहत, एकत्र उपाहारगृहे व दुकाने चालवत आणि गरजेपुरते मानधन घेत.

पैशाचे गणित कसे जुळते?

पश्चिमेतील बौद्ध वर्तुळात ‘दान’ हा पाली शब्द आता भाषांतराशिवाय वापरला जातो. शिकवणीची किंमत लावायची नाही, हे त्यामागचे तत्त्व. गोएंका परंपरेत ते सर्वांत कडक आहे. दहा दिवसांचे शिबिर, राहणे-जेवण धरून, विनाशुल्क असते आणि दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच घेतले जाते. इतर बऱ्याच केंद्रांत निवास-भोजनाचे शुल्क आणि शिक्षकाला ऐच्छिक दान असा मधला मार्ग आहे.

मधल्या मार्गाला एक खाच आहे. आठवडाभराच्या शिबिरासाठी शुल्क भरावे लागते, शिवाय कामावरून रजा हवी. तासावर मजुरी घेणारा हे कसे करणार? त्यामुळे अनेक ध्यानकेंद्रे सुशिक्षित, मध्यमवयीन, गोऱ्या मध्यमवर्गाची राहिली. कॅलिफोर्नियातील ऑकलंडमध्ये २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘ईस्ट बे मेडिटेशन सेंटर’ने याला उत्तर दिले : सर्व कार्यक्रम दानावर, आणि कृष्णवर्णीय व अन्य वंचित गटांसाठी स्वतंत्र बैठका. ‘ध्यानात सगळे सारखेच’ असे म्हणून दारातली विषमता नाहीशी होत नाही, हे त्यांनी ओळखले.

गुरूला प्रश्न कोण विचारणार?

हा या विषयातील सर्वांत जखमी कोपरा आहे. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटरचे प्रमुख रिचर्ड बेकर यांचे शिष्येशी असलेले संबंध उघड झाले, त्यांच्या खर्चिक राहणीवरही प्रश्न उठले आणि त्यांना पद सोडावे लागले. २०१७ मध्ये तिबेटी गुरू सोग्याल रिनपोचे यांच्या आठ जुन्या शिष्यांनी मारहाण आणि लैंगिक शोषणाचे तपशील देणारे पत्र लिहिले. पुढच्या वर्षी स्वतंत्र चौकशीत काही शिष्यांना गंभीर शारीरिक, लैंगिक आणि मानसिक छळ सोसावा लागल्याचा निष्कर्ष निघाला. २०१८ मध्येच त्रुंग्पा यांचे पुत्र आणि ‘शंभाला’चे प्रमुख साक्योंग मिफाम यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि ते पदावरून बाजूला झाले. संघरक्षित यांच्या पुरुष शिष्यांशी असलेल्या लैंगिक संबंधांवर १९९७ मध्ये ‘द गार्डियन’ने लिहिले होते. त्यांनी २०१६ च्या अखेरीस आपल्या वागण्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

परंपरा वेगवेगळ्या, पण साचा एकच. शिष्य दूरच्या संस्कृतीतील गुरूकडे येतो. त्याला तिथली मर्यादा ठाऊक नसते. खटकणारे काही घडले की ‘हा तुझ्या अहंकाराचा प्रश्न आहे’ असे ऐकवले जाते. गुरूच्या मागे विश्वस्त असतात, पण तेही शिष्यच. आशियात गावाची, वडीलधाऱ्या भिक्षूंची, दान देणाऱ्या कुटुंबांची नजर गुरूवर असते. इथे ती नव्हती. आशियातील विहारांतही शोषण घडते, हे खरेच. पण पश्चिमेत गुरू एकटा पोहोचला आणि त्याला आवरणारी माणसे मागे राहिली.

मग विनयाचे काय झाले?

मुळात बुद्धाचा संघ नियमांवर उभा होता. थेरवाद परंपरेत भिक्षूसाठी २२७ नियम आहेत. दर पंधरवड्याला एकत्र बसून त्यांचे पठण करायचे आणि चूक झाली असेल तर कबुली द्यायची. निर्णय ठराव मांडून, सर्वांना विचारून घ्यायचे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत याचाच दाखला दिला होता. भारताला संसदीय पद्धत नवी नाही, असे सांगताना त्यांनी बौद्ध भिक्षुसंघातील ठराव, गणसंख्या, मतमोजणी आणि गुप्त मतदानाच्या नियमांकडे बोट दाखवले. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातील भक्तीबद्दल, विभूतिपूजेबद्दल इशारा दिला. धर्मातील भक्तीचा विषय त्यांनी वेगळा ठेवला होता, हे लक्षात घ्यायला हवे. पण ज्या केंद्राकडे जमीन, विश्वस्त मंडळ, कर्मचारी आणि देणग्या आहेत, तिथे सत्ताही आहे. सत्ता आली की हा इशारा तिथेही लागू होतो.

पश्चिमेने बुद्धाचे ध्यान घेतले आणि विनय ‘जुनाट कर्मकांड’ म्हणून मागे ठेवला. आता तो वेगळ्या नावाने परत येतो आहे. सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटरने १९८३ नंतर प्रमुखपदाला मुदत घातली आणि निवडून आलेले मंडळ नेमले. १९९६ मध्ये तिथे ब्लांश हार्टमन या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. १९९३ मध्ये धरमशाला येथे दलाई लामांसोबत पाश्चिमात्य शिक्षकांची बैठक झाली. तिच्यानंतर निघालेल्या खुल्या पत्रात शिक्षकाच्या गैरवर्तनाचा ठोस पुरावा असेल तर तो उघड करायला शिष्यांनी कचरू नये, असे म्हटले होते. २०११ मध्ये अमेरिकेत ‘ॲन ऑलिव्ह ब्रांच’ हा गट अशा तक्रारींत केंद्रांना मदत करण्यासाठी सुरू झाला.

पण नियम आहेत म्हणजे न्याय आहे, असेही नाही. अजान चाह परंपरेतील अजान ब्रह्म यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे चार महिलांच्या पूर्ण भिक्षुणी-दीक्षेला साथ दिली. थायलंडमधील मूळ विहाराने त्यांचा विहार परंपरेतून काढून टाकला. नियम हवेत आणि ते तपासून बदलण्याची सोयही हवी, हा त्यातला धडा.

महाराष्ट्राने वेगळे काय केले?

इथे क्रम उलटा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला तो समूह म्हणून. आधी समाज आला, मग विहार, मग ध्यान. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यासाठी धम्म म्हणजे आधी माणूस म्हणून मान, शिक्षण आणि समता.

दोन्ही प्रवाह एकमेकांना भेटले आहेत. संघरक्षित बाबासाहेबांना भेटले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या दिवशी, ते नागपुरात होते आणि शोकसभेत बोलले. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये योग शिकायला पुण्याला निघाले असताना वाटेत नागपुरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा जनसागर पाहून थबकले. पुढच्या वर्षी ते पुण्यात राहायलाच आले. त्यातून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहाय्यक गण उभा राहिला. दापोडीचा विहार, भाजे लेण्यांजवळचे शिबिर केंद्र, वसतिगृहे आणि बालवाड्या हे त्याचे फळ. त्यासाठी ब्रिटनमधील साधकांनी ‘करुणा ट्रस्ट’च्या वतीने घरोघरी जाऊन देणग्या गोळा केल्या. शांत बसण्याची सवय असलेल्या माणसांनी अनोळखी दारांवर टकटक केली. पश्चिमेतील संघजीवनाचा हा कमी सांगितला गेलेला, पण मोलाचा अध्याय आहे.

निष्कर्ष काय?

आनंदाने एकदा बुद्धाला म्हटले की कल्याणमित्रांची सोबत म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग. बुद्धाने त्याला थांबवून सांगितले की तो अर्धा नव्हे, पूर्ण भाग आहे. पश्चिमेतील साधक हे वाक्य आपल्या प्रवचनांत हमखास सांगतात. ते प्रत्यक्षात आणणे किती कठीण, हे गेल्या चाळीस वर्षांनी दाखवले.

आपल्याकडेही आता ध्यान वेगाने सुटे विकले जात आहे : मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत, रिसॉर्टमध्ये, मोबाइलवर. आपल्याकडेही गुरूला प्रश्न विचारणे उद्धटपणा मानले जाते. म्हणून कुठल्याही ध्यानकेंद्रात, इथल्या वा तिथल्या, पाऊल ठेवण्यापूर्वी चार साध्या गोष्टी विचाराव्यात. हिशेब सदस्यांना दाखवतात का? प्रमुखाची मुदत ठरलेली आहे का? तक्रार गुरूच्या शिष्यांऐवजी बाहेरच्या कोणाकडे नेता येते का? आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला दार उघडे आहे का?

हे प्रश्न विचारणे धम्मविरोधी ठरत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचे भिक्षू दर पंधरवड्याला एकमेकांना असेच प्रश्न विचारत होते. ध्यान एकट्याने करता येते. माणसाला सांभाळणारा आणि गरज पडली तर गुरूलाही जाब विचारणारा संघ मात्र सगळ्यांनी मिळूनच घडवावा लागतो. पश्चिमेतील बौद्ध ते काम आज ठेचा खात शिकत आहेत. बाबासाहेबांनी संविधान सभेत त्या नियमांची आठवण करून दिली होती. ती विसरण्याची मुभा आपल्याला नाही.